फायरवॉलचा इशारा : वाचावा कसा, उत्तर द्यावे काय

संगणकावर काम चालू असताना मध्येच एक चौकट उघडते. ‘या प्रोग्रामची काही कार्ये फायरवॉलने रोखली आहेत, त्यास परवानगी द्यावयाची काय?’ असा काहीसा मजकूर तीत असतो आणि खाली दोन बटणे असतात. बहुतेक ग्राहक मजकूर न वाचता हाताशी येईल ते बटण दाबून पुढे जातात. एखाद्या वेळी असे घडले तर फारसे बिघडत नाही. परंतु तोच इशारा, तोही ज्याच्या साहाय्याने आपण बँकेचे संकेतस्थळ उघडतो त्या ब्राउझरच्या नावाने, दिवसातून चार-पाच वेळा येऊ लागला, की माणूस एकतर घाबरतो किंवा कंटाळतो. घाबरलेला ग्राहक पडद्यावर दिसेल त्या क्रमांकावर दूरध्वनी करतो; कंटाळलेला ग्राहक फायरवॉलच बंद करून टाकतो. या दोन्ही वाटा अखेर त्याच्या खात्यातील शिलकेपाशी येऊन पोहोचू शकतात. म्हणूनच हे इशारे का येतात, पुनःपुन्हा का येतात आणि त्यांपैकी कोणत्या इशाऱ्याला काय उत्तर द्यावे, हे समजून घेणे प्रत्येक नेटबँकिंग ग्राहकाच्या हिताचे आहे.

एका वहीतील चार नोंदी

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध आहे. अशाच एका मराठी कुटुंबातील, मूळचे निपाणीकडचे एक निवृत्त गृहस्थ राजाजीनगरात राहतात असे समजावे. राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे भांडारपाल म्हणून काम केले. मुलगा पुण्यात नोकरीस. घरी पती-पत्नी दोघेच. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत, व्याज बचत खात्यात, वीजबिलापासून औषधांपर्यंतचे सारे व्यवहार मुलाने मागे ठेवलेल्या संगणकावरून. डॉ. राजकुमार रस्त्यावरील गर्दी ओलांडून शाखेत जाणे गुडघेदुखीमुळे अवघड झालेले. त्यामुळे हा संगणक म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरातलीच शाखा.

एका पंधरवड्यात त्यांना फायरवॉलचे इतके इशारे आले, की ते त्रासून गेले. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, ‘ते फायरवॉल प्रकरण बंदच करून टाका.’ मुलगा दूरध्वनीवर म्हणाला, ‘बाबा, काही बंद करू नका. चौकट आली की कॅन्सल दाबा, मी दिवाळीला आलो की बघतो.’ गृहस्थांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि जन्मभराच्या सवयीप्रमाणे एक वही केली. तीत रकाने आखले : दिनांक व वेळ, प्रोग्रामचे नाव, आत येणारे की बाहेर जाणारे, पत्ता, आणि आपण काय केले. पंधरा दिवसांनी वहीत एकूण चार प्रकारच्या नोंदी झाल्या होत्या.

पहिली : ब्राउझरला बाहेरून येणारी जोडणी स्वीकारू द्यावी काय, अशी विंडोजची विचारणा. दुसरी : ब्राउझर १२७.०.०.१ या पत्त्याशी जोडणी करू पाहत आहे, असा विषाणुरोधक संचातील फायरवॉलचा इशारा. तिसरी : त्याच फायरवॉलने ब्राउझरची एका अनोळखी पत्त्याकडे जाणारी जोडणी रोखल्याची सूचना, साधारण दर दहा मिनिटांनी. चौथी : पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपली फायरवॉल निकामी झाली आहे’ असा लाल रंगातील मजकूर.

वरवर पाहता चारही नोंदींत फायरवॉल हा शब्द समान आहे. प्रत्यक्षात या चार अगदी वेगळ्या घटना असून प्रत्येकीचे उत्तरही वेगळे आहे.

आवक-जावक विभाग

फायरवॉलचे काम बँकेतील कोणासही चटकन समजेल असे आहे. कार्यालयात आवक-जावक विभाग असतो. येणारा प्रत्येक कागद व जाणारा प्रत्येक कागद त्याच्या नोंदवहीतून जातो. फायरवॉल हाच विभाग संगणकासाठी चालवते. कोणता प्रोग्राम, कोणत्या पत्त्याशी, कोणत्या दिशेने आणि कोणत्या पोर्टवरून बोलू पाहतो आहे, हे ती तपासते. पोर्ट म्हणजे शाखेतील काउंटरच्या क्रमांकासारखी सोय. एका पत्त्यावर अनेक कामे चालतात, म्हणून प्रत्येक कामाला क्रमांक दिलेला असतो. बँकेचे सुरक्षित संकेतस्थळ साधारणतः ४४३ या पोर्टवर उत्तर देते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्राउझरचे मूळ काम जावक स्वरूपाचे आहे. आपण पत्ता लिहितो, ब्राउझर मागणी बाहेर पाठवतो, संकेतस्थळ उत्तर देते. हे उत्तर आत येते खरे, पण ते आपणच पाठविलेल्या पत्राचे उत्तर आहे हे फायरवॉलच्या नोंदीत असते. म्हणून त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. बाहेरून न मागता आलेल्या जोडणीचा प्रश्न मात्र निराळा.

हा विभाग का लागला, याचा इतिहासही बोलका आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म नावाचा स्वतःहून पसरणारा प्रोग्राम त्या वेळच्या लहानशा इंटरनेटवर फिरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. घरगुती संगणकापर्यंत हा धडा पोहोचला तो २००३ मध्ये. त्या वर्षीच्या ११ ऑगस्टला पसरू लागलेला ब्लास्टर हा वर्म १३५ या पोर्टवरून थेट संगणकात शिरत असे. वापरणाऱ्याने काही उघडण्याची वा डाउनलोड करण्याची गरजच नव्हती. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच उपलब्ध केली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसविलेली नव्हती. विशेष म्हणजे २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती. फक्त ती आपोआप चालू नसे. ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ पासून ती सर्वांसाठी चालू झाली आणि तेव्हापासून या चौकटी घरोघरी दिसू लागल्या.

विंडोजची स्वतःची फायरवॉल सर्वसाधारणपणे जावक जोडण्यांना मोकळीक देते आणि परवानगी नसलेली आवक रोखते. त्यामुळे विंडोजने विचारलेला प्रश्न बहुधा आवकेचा असतो. विषाणुरोधक संचाबरोबर मिळणाऱ्या काही फायरवॉल मात्र जावकही तपासतात. इशारा कोणत्या फायरवॉलचा आहे हे पाहिले, की निम्मे कोडे तेथेच सुटते.

पहिली नोंद : गल्लीतील दवंडी

ब्राउझरचे काम जावक असेल तर तो आवकेची परवानगी का मागतो? याचे एक सामान्य कारण घरातील दूरचित्रवाणी संच आहे. संगणकावरील चित्रफीत मोठ्या पडद्यावर पाठविण्याची सोय क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये असते. त्यासाठी घरच्या वाय-फायवर असा संच आहे काय, हे ब्राउझर दवंडी पिटून विचारतो. या दवंडीची ठरलेली पद्धत आहे : पत्ता २२४.०.०.२५१ आणि पोर्ट ५३५३. दवंडीला मिळणारे उत्तर कोणाकडून येईल हे आधी ठाऊक नसते, म्हणून ते आवकेत मोडते आणि फायरवॉल मालकाला विचारते. ॲपल संगणकांवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे शोधण्यासाठी प्रोग्रामना परवानगी घ्यावी लागते.

या चौकटीला नकार दिला तर काय बिघडते? संकेतस्थळे उघडतात, नेटबँकिंग चालते, ई-पत्र येते-जाते. फार तर दूरचित्रवाणी संच ब्राउझरला सापडत नाही. पुण्यातील मुलाचा ‘कॅन्सल’चा सल्ला या नोंदीपुरता योग्यच होता. ज्यांना ती सोय हवी असेल त्यांनी केवळ ‘प्रायव्हेट’ म्हणजे घरच्या नेटवर्कसाठी परवानगी द्यावी. ‘पब्लिक’ म्हणजे उपाहारगृह, रुग्णालय, विमानतळ अशा ठिकाणचे सामायिक नेटवर्क. तेथे ब्राउझरला आवक जोडणी देण्याचे सामान्य ग्राहकाला काहीच कारण नाही.

दुसरी नोंद : घरातल्या घरात चिठ्ठी

१२७.०.०.१ हा पत्ता पाहून अनेक जण दचकतात. वास्तविक हा पत्ता जगातील कोणा परक्याचा नसून प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच आहे. शाखेतील एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे चिठ्ठी जावी, तशी एकाच संगणकातील दोन भागांची ही बोलणी असतात. विंडोजवर सुरू होताना फायरफॉक्स स्वतःच्याच भागांमध्ये अशी जोडणी करतो, हे अनेक वर्षांपासून परिचित आहे. काटेकोर फायरवॉल या आतल्या चिठ्ठीचीही आवक-जावक नोंद करू लागते आणि दर वेळी मालकाला विचारते. येथे ‘हे उत्तर लक्षात ठेवावे’ ही खूण करून परवानगी दिली की प्रश्न संपतो.

पण खूण करूनही काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा का येतो? याचे उत्तर बँकेतील नमुना स्वाक्षरीत आहे. खातेदाराची स्वाक्षरी नमुन्याशी जुळली नाही तर धनादेश थांबवला जातो; खातेदार तोच असला तरी. काही फायरवॉल परवानगी देताना प्रोग्रामच्या फाइलची अशीच एक गणिती स्वाक्षरी नोंदवून ठेवतात. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की फाइल बदलते, स्वाक्षरी जुळत नाही आणि फायरवॉल पुन्हा विचारते. फायरफॉक्सने २०२० मध्ये आणि क्रोमने २०२१ मध्ये मोठ्या आवृत्त्यांमधील अंतर चार आठवड्यांवर आणले. त्यामुळे महिन्याकाठी एकदा हा प्रश्न आला तर तो बिघाड नव्हे, फायरवॉल जागी असल्याची ती खूण आहे. शंका आल्यास ब्राउझरच्या ‘अबाउट’ या पानावर आवृत्ती पाहावी. नुकतेच अद्ययावतीकरण झालेले असेल तर उलगडा होतो.

याच पत्त्याबाबत आणखी एक बाब नोंद घेण्याजोगी आहे. कधी कधी ब्राउझर नव्हे, तर उघडलेले संकेतस्थळ ब्राउझरकरवी आपल्या संगणकाची दारे ठोठावते. मे २०२० मध्ये ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाबाबत असे उघड झाले, की त्यावरील एक स्क्रिप्ट भेट देणाऱ्याच्या संगणकावरील १४ पोर्ट तपासून पाहत होती. त्यांत संगणक दूरून चालविण्यासाठी वापरले जाणारे ३३८९ व ५९०० हे पोर्टही होते. त्या संगणकाचा ताबा दुसऱ्याच कोणाकडे नाही ना, हे पाहून फसवणूक टाळणे, असा त्यामागील हेतू सांगण्यात आला. हेतू काहीही असो, घराच्या मालकाला न विचारता दार ठोठावले गेले. पुढे २०२५ मध्ये क्रोमने, एखादे संकेतस्थळ स्थानिक नेटवर्कवरील उपकरणांशी बोलू पाहत असेल तर त्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी विचारण्यास सुरुवात केली. असा प्रश्न आला आणि त्याचे कारण स्पष्ट नसेल तर नकार द्यावा.

तिसरी नोंद : दर दहा मिनिटांनी

गृहस्थांच्या वहीतील खरी महत्त्वाची नोंद ही होती. कोणतेही पान उघडलेले नसताना, इतकेच नव्हे तर ब्राउझर बंद केल्यावरही, ब्राउझरच्याच नावाने बाहेर जाणारी जोडणी ठरावीक अंतराने रोखली जात होती.

अनोळखी पत्ता दिसला म्हणजे घात झाला, असे लगेच मानू नये. नवी आवृत्ती आली काय, धोकादायक संकेतस्थळांची यादी बदलली काय, हे पाहण्यासाठी ब्राउझर स्वतःहून अधूनमधून बाहेर विचारणा करत असतो. तसेच ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर चालू राहण्याची सोय क्रोमसारख्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये असते. पण या विचारणा ब्राउझर तयार करणाऱ्या संस्थेच्या पत्त्यांकडे जातात आणि कोणतीही रास्त फायरवॉल त्या सहसा रोखत नाही. वारंवार रोखली जाणारी जोडणी हा वेगळा प्रकार होय.

वहीची मागची पाने उलटल्यावर गृहस्थांना उलगडा झाला. हे इशारे एका ठरावीक तारखेपासून सुरू झाले होते. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी निवृत्तिवेतनाचा एक अर्ज पीडीएफ स्वरूपात करण्यासाठी ब्राउझरमध्ये एक फुकटचे एक्स्टेन्शन बसविले होते. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम. तो ब्राउझरच्या आत राहतो, म्हणून फायरवॉलला तो निराळा दिसत नाही. तो जे काही बाहेर पाठवतो त्यावर नाव ब्राउझरचेच असते. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी त्याने घेतलेली असेल, तर नेटबँकिंगच्या पानावर आपण लिहिलेला मजकूरही त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो.

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने क्रोमच्या दालनातून ५०० हून अधिक घातक एक्स्टेन्शन काढून टाकली. वीस लाखांहून अधिक लोक वापरत असलेल्या ‘द ग्रेट सस्पेंडर’ या एक्स्टेन्शनची कथा तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. ते अनेक वर्षे प्रामाणिकपणे काम करत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हाती सोपविले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक भाग आढळल्याने गूगलने ते बंद केले. म्हणजे बसविताना चांगले असलेले एक्स्टेन्शन पुढेही चांगलेच राहील याची शाश्वती नसते.

यावरील उपाय शांतपणे करण्याचा आहे. प्रथम ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन सर्व एक्स्टेन्शन बंद करावीत आणि इशारे थांबतात काय ते पाहावे. थांबले, तर आवश्यक असलेली एकेक करून पुन्हा चालू करावीत. ज्याच्यापाशी इशारा परत येतो ते काढून टाकावे. त्यानंतर विषाणुरोधकाने संपूर्ण संगणक तपासावा. केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रातून अशा तपासणीची साधने विनामूल्य मिळतात. शेवटी, आणि हे विसरू नये, नेटबँकिंगचा पासवर्ड बदलावा. मात्र तो त्या संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या खात्रीच्या साधनावरून. संगणक स्वच्छ होण्यापूर्वी त्यावरूनच पासवर्ड बदलणे म्हणजे चोरासमोर नवे कुलूप बसवून दाखविणे होय.

गृहस्थांनी याच क्रमाने केले. पीडीएफचे एक्स्टेन्शन काढल्यावर दहा मिनिटांनी येणारी सूचना थांबली. शेजाऱ्यांचा सल्ला मानून फायरवॉल बंद केली असती तरीही सूचना थांबलीच असती. पण जोडणी चालू राहिली असती. दोन्ही उपायांनी पडद्यावर सारखीच शांतता दिसते, आणि धोका आहे तो याच सारखेपणात.

चौथी नोंद : फायरवॉलचा मुखवटा

उजव्या कोपऱ्यातील लाल इशाऱ्याची नोंद करताना वहीतील तीन रकाने रिकामे राहिले. त्यात प्रोग्रामचे नाव नव्हते, दिशा नव्हती, पत्ता नव्हता. होता तो फक्त आरडाओरडा. एकदा त्यावर क्लिक केल्याबरोबर संपूर्ण पडदा व्यापणारे पान उघडले, भोंगा वाजू लागला आणि ‘आपला संगणक फायरवॉलने बंद केला आहे, बँक खाते वाचविण्यासाठी त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा’ असे लिहून आले. गृहस्थांनी रिसीव्हर उचललाही होता. परंतु चलनाशिवाय माल आत घ्यायचा नाही, ही पस्तीस वर्षांची सवय आड आली. जो इशारा कोण, कोठे, कोणत्या दिशेने हे काहीच सांगत नाही, तो फायरवॉलचा कसा? त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

हा इशारा फायरवॉलचा नव्हताच. ते एक साधे वेबपान होते. कोपऱ्यातील मजकूर हे ब्राउझरमार्फत संकेतस्थळांना पाठविता येणारे नोटिफिकेशन होते. क्रिकेटची धावसंख्या किंवा चित्रपट फुकट दाखविणारी काही संकेतस्थळे ‘आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगून ही परवानगी घेतात. एकदा ती मिळाली की हवे तेव्हा, हवे ते लिहून कोपऱ्यात झळकविता येते. नीट पाहिल्यास अशा सूचनेत ब्राउझरचे चिन्ह आणि संकेतस्थळाचे नाव बारीक अक्षरांत दिसते.

त्या क्रमांकावर दूरध्वनी केला असता तर पुढचा क्रम ठरलेला असतो. पलीकडचा माणूस स्वतःला तंत्रज्ञ म्हणवितो, संगणक दूरून चालविता येईल असा प्रोग्राम बसवावयास सांगतो, विषाणू काढण्याचे नाटक करतो आणि शुल्क भरण्यासाठी वा परतावा देण्यासाठी नेटबँकिंग उघडावयास लावतो. असे प्रोग्राम वापरून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यामागील तक्रारींत तोतया तांत्रिक मदत केंद्रांविरुद्धच्या मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारी होत्या. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे, की तिच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो.

असे पान उघडल्यास एस्केप हे बटण काही क्षण दाबून धरावे. तरीही पान हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणावीत काय’ या प्रश्नास नकार द्यावा. नंतर ब्राउझरच्या सेटिंगमधील नोटिफिकेशनच्या यादीतून अनोळखी संकेतस्थळे काढून टाकावीत.

इशारा आल्यावर स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१. इशारा विंडोजचा वा बसविलेल्या फायरवॉलचा आहे, की वेबपानाच्या आतून आलेला आहे? पानाच्या आतील असेल तर तो इशारा मानू नये.

२. त्यात प्रोग्रामचे नाव व दिशा दिली आहे काय? दूरध्वनी क्रमांक दिला असेल तर तो खोटा समजावा.

३. आवकेची परवानगी मागितली आहे काय? ब्राउझरसाठी नकार दिल्याने नेटबँकिंग अडत नाही.

४. नुकतीच नवी आवृत्ती बसली आहे काय? तसे असेल तर पुन्हा विचारणा होणे स्वाभाविक आहे.

५. तीच जोडणी ठरावीक अंतराने रोखली जाते काय? तसे असेल तर एक्स्टेन्शन तपासावीत व पासवर्ड दुसऱ्या साधनावरून बदलावा.

फायरवॉलच्या पलीकडे

फायरवॉलची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती जोडणी पाहते; ग्राहकाचा हेतू पाहू शकत नाही. ग्राहकाने स्वतः खोट्या संकेतस्थळावर पासवर्ड लिहिला किंवा दूरध्वनीवर ओटीपी सांगितला, तर तिच्या दृष्टीने ती एक साधी जावक जोडणी ठरते. म्हणून संकेतस्थळाचा पत्ता प्रत्येक वेळी वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या निर्देशानुसार बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाकडे न्यावयाची होती. त्यामुळे पत्त्याचा शेवट पाहणे ही एक चांगली कसोटी झाली आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. दुरुस्तीविना राहिलेल्या संगणकाचे काय होते, ते २००३ च्या ब्लास्टरने दाखवून दिले आहे.

एवढे करूनही खात्यातून रक्कम गेलीच, तर पहिला तास मोलाचा असतो. प्रथम बँकेस कळवून खाते व कार्ड रोखावे. त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बंगळुरात २००१ मध्येच स्वतंत्र सायबर गुन्हे पोलीस ठाणे सुरू झाले होते. स्थानिक पोलिसांकडेही तक्रार देता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले, की बँक वा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणी त्रुटी घडली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याच्यावर तोशीस पडू नये. मात्र ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. या तरतुदींत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रचलित नियम शाखेत विचारून घ्यावेत. खरी फायरवॉल आणि तिचा मुखवटा यांतील फरक ओळखणे ग्राहकाला किती रुपयांचे पडू शकते, हे या एका नियमावरून स्पष्ट व्हावे.

राजाजीनगरातील गृहस्थांच्या वहीत आता महिन्याला एखादीच नोंद होते. बहुधा ब्राउझरची नवी आवृत्ती आल्यावर. तीत सारे रकाने भरलेले असतात आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द असतो : ‘पाहिले’. ज्या ग्राहकांना वारंवार येणाऱ्या इशाऱ्यांचा त्रास होतो, त्यांनी फायरवॉल बंद करण्यापूर्वी अशी एक वही आठवडाभर ठेवून पाहावी. कोणता इशारा खरा आणि कोणता खोटा, हे बहुतेक वेळा त्या रकान्यांवरूनच कळून येईल.